कोठी माहीत नसलेली पाहुणी

प्रिय शुभांगी वहिनी,

हे पत्र मोठ्यानं वाचू नको. बियाण्याची पुडी हातात आली तरी तिच्यावरचं सगळं मोठ्यानं वाचायची तुझी खोड मला माहीत आहे, म्हणून आधीच सांगते. फोन घरातच चार्जिंगला लाव आणि मळ्यात वांग्यांकडे जाऊन वाचजो. काहून, ते पुढं सांगते.

फोन आणि बांगड्या तुमच्या गावच्या रामीबाईच्या हातून पाठवल्या आहेत. बांगड्या नाही बसल्या तर रागवू नको, अंदाजानं घेतल्या. फोन तापतो, दुपारपर्यंत बॅटरी संपते म्हणून तू बाजाराच्या दिवशी कारंज्याला माझ्या दुकानात टाकून गेली होतीस ना? मला वाटलं बॅटरी फुगली असेल. कसलं काय, बॅटरी ठणठणीत निघाली. मग मी आत बघायला लागले. फोनमध्ये आपल्याला न दिसणारी बरीच कामं सारखी चालू असतात, वहिनी. कोणी घड्याळ सांभाळतं, कोणी टॉवरला धरून राहतं, कोणी येणाऱ्या फोनवर कान ठेवून बसतं. त्यांना हात लावायचा नसतो. त्यांच्यातच एक 'सिस्टीम सर्व्हिस' नावाचं होतं, चाकाचं चित्र, अगदी घरचंच वाटावं असं. मीही पुढं जाणार होते, पण सगळ्यात जास्त बॅटरी तेच खात होतं.

तुमच्या लग्नातली हिरव्या लुगड्यातली बाई आठवते? पदर खोचून वाढत होती. तुमच्याकडच्यांना वाटलं ती आमची, आम्हाला वाटलं तुमची. आईनं तिला म्हटलं, जा वं, कोठीतून तुपाचा डबा आन. बाई जागच्या जागी उभी! कोठी कुठं हे तिला माहीतच नव्हतं. बुंदीची बादली घेऊन ती कधी सटकली ते कोणाला कळलं नाही, आणि तू नवरी असून किती हसली होतीस. मीही या चाकाला तसंच विचारलं, तू कुठून आलीस आणि तुला काय काय लागतं? फोनसोबत आलेलं ते नव्हतंच, नंतर कोणीतरी बाहेरून टाकलेलं होतं. आणि त्याला लागत होता तुझा आवाज, तुझे मेसेज, तू कुठं जातेस ते सगळं. खऱ्या कामाच्या प्रोग्रामला हे कायले पाहिजे?

टाकल्याची तारीख तुझ्या वाढदिवसाची आहे. त्या दिवशी नवी काच बसवून आणतो म्हणून फोन कोणी नेला होता, ते तुला आठवेल. हे सगळं ज्या ईमेलवर जात होतं, तो मी ओळखला. ठिबकच्या अर्जासाठी मीच काढून दिला होता, धीरजदादाला.

शटर अर्धं ओढून मी पोटभर रडले. माझ्या दुकानासाठी बाबांशी भांडला तो हाच दादा. तू मावशीकडे पाणीपुरी खाऊन आलीस की घरी त्याला आधीच ठाऊक असायचं, आणि तू लाजून मला सांगायचीस, बाप्पा, याले माह्या मनातलं कसं समजते! मला तुझा हेवा वाटायचा, खरंच. नर्सिंगला जायचं तू फक्त तुझ्या आईशी फोनवर बोललीस. त्याच संध्याकाळी तो म्हणाला, आपल्या घरच्या बाया दवाखान्यात पाळ्या करत नाहीत. तेव्हाही तू म्हणालीस, पाहा, न सांगता समजलं त्याले. आणि फॉर्म भरायचा नाद सोडलास. त्याचं तुझ्यावर प्रेम नाही असं मी म्हणत नाही. पण हे असं ऐकत बसणं मला पटत नाही, भाऊ असला तरी नाही.

मी ते काढलेलं नाही. काढलं तर त्याला लगेच समजेल, आणि घरात एकटी सापडशील ती तू. म्हणून फोनवर काही न बोलता हा कागद लिहिला. फोनवर नेहमीसारखंच बोल. प्रवेश अजून चालू आहेत, फॉर्म मी इथून भरते. दादाशी बोलायचं असेल तर मी येऊन तुझ्या शेजारी बसते, माहेरी जायचं असेल तर सोडायला येते, आणि काहीच करायचं नसेल तर तेही सांग. मला फोन करून एवढंच म्हण, रुचिका, सांबाराच्या जुड्या पाठवू का? कोथिंबिरीचं बोलणं ऐकून कोणाला संशय येणार नाही. मी पुढच्या गाडीनं निघते, यातलं काय करायचं ते मळ्यातच सांग. तुझ्या मनात काय आहे ते मला ओळखता येत नाही वं वहिनी. ते कोणालाच येत नव्हतं. म्हणून मी विचारते आहे.

तुझीच,
रुचिका