मायंदाळ

७ जुलै, शिरूर
रविवारचा लेखनवर्ग. आठ जण. न्हावऱ्याच्या सुमनबाई आज पहिल्यांदा वाचायला उठल्या. घरी गायी, सकाळची धार काढून एसटीनं येतात. वाचलं: ‘चौथ्या दिवशी लेकरू गेलं. दूध मात्र मायंदाळ आलं.’
म्हटलं, “मायंदाळ? कांद्याचं पीक आहे का? विपुल लिहा.” वर्ग हसला. मीही.
“मायंदाळ म्हंजी लई, सर. पर त्यात माय हाय.”
“व्युत्पत्ती भावनेनं ठरत नसते, बाई.”
वाक्य बरं जमलं माझं.

१४ जुलै
सु.बाईंनी शब्द बदलून आणला. ‘दूध विपुल आलं.’ ओळ मेली. ऐकताक्षणी कळलं. म्हणालो, आता छान झालं.

२ ऑगस्ट
आठवडाभर तो शब्द डोक्यात. मुबलक, भरघोस, रेलचेल... सगळे मिरवणारे. मायंदाळ आपलं वाहत राहतं, कुणाला हवं असो नसो.
कविता झाली. बारा ओळी. लेकरू, दूध, सगळं आलं. सौ.ला वाचून दाखवली.
“आपलं कुठलं मूल गेलं?”
कागद घडी करून खिशात घातला.

२५ ऑगस्ट, दौंड
कविसंमेलन. त्या शब्दावर टाळ्या. अध्यक्षांनी विचारलं, कुठं सापडला? म्हणालो, आईच्या बोलण्यातला. आईनं तो जन्मात उच्चारला नाही.
शेवटच्या रांगेत सुमनबाई. वर्गात मीच सगळ्यांना ‘या’ म्हणालो होतो. माझी कविता संपल्यावर उठून गेल्या.

२२ सप्टेंबर
सलग चौथा रविवार, सु.बाई नाहीत. दिवाळी अंकाच्या संपादकांना कविता हवीय, शब्दावर टीपही. लिहिली: मायंदाळ – पुष्कळ, गरजेहून जास्त.

२३ सप्टेंबर
न्हावऱ्याला गेलो. बाई गोठ्यात. धार थांबवली नाही. म्हणालो, कवितेखाली तुमचं नाव घालतो, शब्दासाठी आभार म्हणून.
“शब्द काय माझ्या एकटीचा न्हाई. न्या की. पर लेकरू माझं हाय, सर. तेवढं काढा.”
मग चहा विचारला. नको म्हणालो.
घरी येऊन लेकराच्या ओळी खोडून पाहिल्या. उरतं ते कुणी छापणार नाही.
संपादकांचे दोन फोन येऊन गेले. उचलले नाहीत. टेबलावर दोन्ही प्रती. खोडलेली, आणि न खोडलेली.