मागावर आत्ता

३ फेब्रुवारी, वडगाव, बेळगाव

निपाणीहून सकाळच्या गाडीनं आले. टिळकवाडीत एका निवृत्त बाईंच्या माडीवर खोली मिळाली आहे. खाली पेरूचं झाड, समोर वाचनालय. आणखी काय हवं माणसाला?

नोकरी जयवंता आक्कांच्या साड्यांच्या घरात. अख्ख्या वडगावात यंत्रमागांची खडखड चालू असते, या एका घरात अजून हातमाग आहेत. खाली माग, वर ऑफिस. ऑफिसात एक संगणक, गठ्ठे आणि साईनाथ अण्णांचा हार घातलेला फोटो. आक्कांचे यजमान. दिवाळीनंतर मागावर बसल्या बसल्याच गेले.

आक्कांनी आधी कुंदा दिला. म्हणाल्या, गोड खा, मग कडू सांगते. कडू असं की, साड्यांची वेबसाइट आजारी आहे. साड्या दिसत नाहीत, आणि पान उघडलं की शेजारी एक लहान खिडकी आपोआप उघडते, मिटली तरी परत येते. गिऱ्हाइकं घाबरून फोन करतात.

मी म्हटलं, संगणक सांगितलं तेवढंच करतो. चूक असते तिथे कारण असतं, आणि कारण असतं तिथे उपाय असतो. हेच तर मी काकतीपासून कणकुंबीपर्यंत अंधश्रद्धाविरोधी व्यासपीठावरून सांगत आले! अंगात येणं नाही, करणी नाही, लिंबू-मिरची नाही. आहे ते कारण. आक्का हसल्या. म्हणाल्या, भाषण लई ग्वाड हाय गं तुझं, आता त्या मशिनला ऐकीव.

४ फेब्रुवारी

पहिली फेरी जिंकले. साड्या न दिसण्याचं कारण अगदी साधं निघालं. वेबसाइटचं पान वरून खाली उतरत जातं. ज्या चौकटीत साड्यांची माहिती भरायची ती चौकट खाली होती, आणि ‘भर’ हा जावास्क्रिप्टचा हुकूम सगळ्यात वर. चौकट जन्माला येण्याआधीच हुकूम सुटत होता. त्याला चौकट सापडत नव्हती, म्हणून तो तिथेच मरत होता. हुकूम उचलून तळाशी ठेवला. साड्या आल्या. आक्कांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली. दृष्ट लागते म्हणे. आज वाद नको. पहिलाच आठवडा आहे.

६ फेब्रुवारी

आज खाली वाद झाला आणि तो मी जिंकला.

अण्णांच्या मागावर त्यांची अर्धी साडी अजून ताणलेली आहे. खानापूरच्या एका मुलीच्या लग्नाची. शब्द अण्णांनी दिलेला, तो पाळायचा म्हणून आक्कांनी राजाबाईंना त्या मागावर बसायला सांगितलं. राजाबाई इथल्या सगळ्यात जुन्या विणकर. त्या बसेनात. म्हणाल्या, विणणारा गेला की घरच्या माणसानं कात्री घेऊन ती साडी कापायची आणि ताण्याचे उभे धागे नदीत सोडायचे, या घरात असंच होत आलंय. गेलेल्याच्या ताण्यावर दुसऱ्यानं हात चालवायचा न्हाय. आक्कांनी मात्र ती कापलेली नाही. का, ते त्यांनी मला नंतर एकटीला सांगितलं. ती कापली की अण्णा खरंच गेले, असं त्यांना वाटतं.

मग मी उभी राहिले. धागा कुणाचा नसतो, धागा कापसाचा आणि रेशमाचा असतो, इथपासून सुरुवात केली. भीतीनं आपल्या बायकांचे हात किती पिढ्या बांधून ठेवले, इथपर्यंत नेलं. सगळ्या विणकरणी हातातलं काम टाकून ऐकत होत्या. शेवटी राजाबाई उठल्या. म्हणाल्या, तुझ्या तोंडाफुडं कुणाचं चालायचं गं बाई. आणि बसल्या.

९ फेब्रुवारी

आता खिडकी.

माझ्याआधी हे काम करणाऱ्या पोरानं वेबसाइटवर ‘मागावर आत्ता’ असं बटण ठेवलं होतं. दाबलं की लहान खिडकीत मागाचा एक फोटो दिसायचा. खिडकी उघडणारा हुकूम मी शोधला. तो नाहीच. अण्णा होते तेव्हाच काढून टाकलेला आहे. मग ब्राउझरनं जुनं पान साठवून ठेवलं असेल, म्हणून तो साठा पुसला. दुसरा ब्राउझर लावला. माझा फोन, कोपऱ्यावरच्या चहावाल्याचा फोन. खिडकी सगळीकडे उघडते.

आत फोटो आहे. अण्णांच्या मागावरची साडी, वरून पाहिल्यासारखी. फोटोचा पत्ता शोधला तर जागा कोरी. सर्व्हरवर अशी फाईलच नाही. खाली मागावर कॅमेराही नाही, खुर्चीवर चढून पाहिलं.

काहीतरी सुटतंय माझ्या नजरेतून. सापडेल.

१० फेब्रुवारी

फोटो नाही तो. साडी वाढते आहे.

सकाळी खिडकीत काठावरचं एक फूल तुटलेलं दिसलं, दोनच पाकळ्यांचं. खाली जाऊन पाहिलं तर राजाबाई अजून त्या फुलापर्यंत पोचल्याच नव्हत्या. दुपारी त्यांचा धागा तुटला. फूल दोनच पाकळ्यांवर राहिलं. तेच फूल.

राजाबाई म्हणाल्या, उसवून नीट करावं म्हटलं, पर हात फुडंच जातोय.

खिडकी पुढे आहे. वीतभर पुढे.

११ फेब्रुवारी

योगायोग. तसं मीच शंभरदा म्हटलंय व्यासपीठावर, आणि आजही म्हणते. आज खिडकी बंद करणारा हुकूम लिहिला. ब्राउझरनं तो नाकारला आणि नियम सांगितला: जी खिडकी तुमच्या हुकमानं उघडलेली नाही, ती तुमच्या हुकमानं बंद होणार नाही. नियम चांगला आहे. नाहीतर कुणीही कुणाचीही खिडकी मिटून टाकेल.

पण मग ही उघडली कुणी?

हातानं फुली दाबली तर मिटते. पान उघडलं की पुन्हा तिथेच. आता पान न उघडताही.

आक्कांना वर बोलावून दाखवलं. बघता बघता त्या पडद्याजवळ सरकल्या. काठाजवळ फणी दोनदा ठोकायची सवय एकट्या अण्णांची, म्हणाल्या. खिडकीतला काठ तसाच घट्ट बसत होता. आक्कांनी पडद्यावर बोट टेकवलं. मला म्हणाल्या, मिटू नकोस पोरी, दिसतंय तवर दिसू दे.

१३ फेब्रुवारी

खिडकीत हात दिसतात. हिरव्या बांगड्या. राजाबाईंचे आहेत. साडी पदराशी येऊन थांबली आहे आणि हात तिच्यावर पालथे पडलेत. सकाळपासून हललेले नाहीत.

खाली राजाबाई विणतायत. पदराला वीतभर उरलंय.

खाली धावले. म्हटलं, उठा. का, म्हणून विचारलं त्यांनी. भाषण सुरू केलं, अर्ध्यावर सोडलं. शेवटी खरं ते सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, व्हय, मलाबी ठावं हाय. पर तूच बसवलंस की गं. आता पाय निघंना झालाय.

मी त्यांचा पाय धरून ओढला. त्या तेवढ्या हडकुळ्या बाई — हलल्या नाहीत. धोटा चालूच.

१४ फेब्रुवारी, सकाळ

आक्कांना हात जोडले. तुम्ही घरच्या, तुम्ही कापा. आक्का अण्णांच्या फोटोकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, मला दुसऱ्यांदा रांडव करू नकोस.

आता चार बोटं उरलीत.

१४ फेब्रुवारी, दुपार

मी कापली.

कात्री उचलली तेव्हा राजाबाईंनी मान हलवली. परक्यानं कापू न्हाय, म्हणाल्या, परक्यानं कापलं की ती ओढ परक्याच्या हाताला येते. मी म्हटलं, येऊ दे. बाई समोर मरत असताना कोण वाद घालत बसतं? ताणा तुटला तेव्हा आवाज झाला नाही. खाली सगळेच माग थांबले होते.

राजाबाई मागे कोसळल्या. पण श्वास चालू होता. पाणी प्यायल्या. त्यांचा मुलगा रवळू येऊन रिक्षातून घेऊन गेला. जाताना माझा हात धरून बघितला, उलटापालटा.

वर आले. खिडकी काळी होती. मी रडले, हसले. जिवंत आहेत. त्या जिवंत आहेत.

१५ फेब्रुवारी

खिडकी काळी नाही.

टेबल दिसतं. हेच. वरून. ही वही. माझा हात.

१६ फेब्रुवारी

खिडकीतली वही पुढे आहे. दोन-तीन ओळी पुढे.

परीक्षा घेतली. मनात येईल तो शब्द लिहायचा. आंबा. खिडकीत आंबा आधीच लिहिलेला होता. दुसरा ठरवला, बदलला, पुन्हा बदलला. विहीर. तोही.

वीज घालवली. संगणक बंद. आता खिडकी फोनवर आहे.

१७ फेब्रुवारी

पेन ठेवता येत नाही. टिळकवाडीला गेलेच नाही. बोटं दुखतात. खिडकीत पानाच्या तळाशी हात पालथा पडलाय. अर्धं पान उरलंय. खिडकीचा खालचा भाग रुमालानं झाकलाय. वाचायचा नाही —

कारण असतं. कारण असतं तिथे उपाय असतो. विचार कर. माझ्या घरचं माणूस हवं. डाव्या हातानं निपाणीला फोन केला. आई निघाली. कशाला, विचारलं नाही तिनं, फक्त म्हणाली, आलेच. ती येईल, वही काढून घेईल, फाडेल. ती घरची आहे. तिचा अधिकार आहे. चालेल —

आक्का दारात येऊन गेल्या. आत आल्या नाहीत. चहा उंबऱ्यावर ठेवलाय.

बारीक अक्षर काढते आहे. पान पुरवायला. खिडकीतही बारीकच होतं. आधीपासून —

आईचा फोन. गाडी काकतीच्या पुढे आली. लवकर ये. लवकर —

रुमाल सरकला.

पालथ्या हाताखाली आणखी ओळी आहेत. पान संपत नाही तिथे. पुढे लिहिलेलं आहे, बरंच. पण अक्षर माझं नाही. ‘ळ’ला ती गाठ — मला पाटीवर हात धरून शिकवलेला —

आईचं अक्षर —

जिन्यावर पावलं. चप्पल काढल्याचा आवाज. आई, वहीला हात लावू नकोस, मागं फिर, पेन माझ्याच हातात राहू दे, तू फक्त —