कासारवाडीच्या माडीवर काढलेलं रडणं

तीर्थरूप गोजावैनींच्या पायाशी धाकट्या नणंदेचं, अंबूचं, डोकं टेकलेलं समजावं.

इकडं तळवड्यात समदं खुशाल हाय, गुडघे सोडून. तुमची पाठ, तुमची सून आणि कुंडीतली तुळस कशी हाय ते कळवा. दादाचं विचारत न्हाई. गॅलरीत बसला असता डोक्याला कावळा शिवून गेला, तवापासून तो भिंतीकडं तोंड करून पडलाय. ‘आता जायचंच हाय’ म्हणत हृदयात नळी टाकायला दवाखान्यात यायला तयार न्हाई, हे तुमीच सांगितलंत. (फोनच केला असता, पण तुमच्याकडं फोन वाजला की दादा आधी स्पीकर दाबतो. म्हणून हे लिहितेय. चौथी शिकलेल्या बाईच्या ओळी चढणीला लागतात, तेवढं सांभाळून वाचा.)

तर झालं असं. माझी नात स्वप्नाली चाकणच्या कंपनीत गाड्यांच्या वायरी तपासते आणि सुट्टीला माइक धरून लोकांना हसवते. त्याला स्टँडअप म्हणत्यात, म्हंजे उभं राहून बोलायचं. (माझ्या गुडघ्यांना कुणी विचारलं न्हाई.) तिनं माझ्याकडून पाच विनोद पाठ करून घेतले, समदे लिफ्टचे, आणि रविवारी दुपारी कासारवाडीला स्टेशनाजवळच्या एका माडीवर नेलं. तिथं चहात साखर आपली आपण घालायची आणि वर आभारही आपणच मानायचे. खिडक्यांना काळे पडदे, वर निळा दिवा. उन्हातून आत गेले तर विहिरीत उतरल्यागत गार वाटलं. खालनं आगगाडी गेली की कपबशा हळूच किणकिणायच्या आणि मला पेंग यायची. माझं नाव पुकारलं तेव्हा मी अर्धी झोपेतच व्हते. उभी राहिले तर दिवा डोळ्यात, आणि समोर नुसती डोकी, पाण्यात बुडालेल्या घागरींसारखी. पाची विनोद गेले. लिफ्ट वर गेली का खाली, काही आठवेना. पुढं बसून स्वप्नाली ओठ हलवत व्हती, पण मला वाटलं लांब कुठं तरी मासा तोंड उघडतोय.

नुसतीच उभी राहिले. शांतता मोठी झ्याक व्हती. एवढी माणसं ओळीनं, खाली बघून, गुपचूप बसलेली, कुणी चहाला तोंड लावत न्हाई. हे मी कुठं बघितलंय, कुठं बघितलंय, असं मनात तरंगत राहिलं. मग ध्यानात आलं, हे तर मयताचं घर. तुमाला ठाऊक हाय, तळवड्यात कुणी गेलं की रडायला पहिलं बोलावणं मला. नुसत्या डोळ्यांनी कुणीबी रडतं. पण हेल काढून, मेल्या माणसाचे गुण गात, दारातून कोण आलं ते पदराआडून बघून त्यालाही रडण्यात ओवायचं, व्याही आला तर त्याचा मान, न आलेल्या भाच्याचा उद्धार, ह्याला अक्कल लागते. (स्वप्नाली म्हणते ह्याला क्राउड वर्क म्हणत्यात. म्हणू दे.) तर मी पदर तोंडाला लावला. एक रडणं माझ्याकडं तयार व्हतं, ते सोडलं. (कुणाचं, ते मागाहून.)

‘माझ्या राजा रं, तुझ्या वावरात बारा मजले उगवले आणि तू लिफ्टला भिऊन तळमजल्याला निजलास रं. भाताला पाणी सोडणारा तू, आता नळाला पाणी कधी येतं ते वॉचमनला विचारतोस रं. पन्नास वर्सं बायकोच्या भाजीला अळणी म्हणालास आणि तीच दोनदा घेतलीस रं.’

आधी कुणी हलेना. मग मागं एक पोरगी फिसकन हसली आणि हसू पुढं सरकत आलं, पाटाचं पाणी सरीतून सरीत जातं तसं. एवढ्यात एक जण हेल्मेट न काढताच आत शिरला. मी पदराआडून बघितलंच. ‘आला गं बाई यम आला, रेड्याला पार्किंग मिळंना म्हणून उशिरा आला. जा रं बाबा माघारी, इथं जागा न्हाई.’ लोक खुर्च्यांवरून घसरले. तो बिचारा खरंच जिना उतरला, त्याला बोलवायला माणूस धाडावा लागला.

मी मात्र त्या निळ्या उजेडात कुठं तरी वाहत चालले व्हते. तोंड आपलं बोलतंय आणि आपण काठावर बसून ऐकतोय, असं. खाली उतरले तेव्हा गालावर पाणी व्हतं. दिवाच लई झोंबरा व्हता.

सुनेला आशीर्वाद. भाजीत मीठ जरा बघून घाला.

तुमची अंबू

ता. क. ते रडणं दादाचं व्हतं. त्यानं भिंतीकडं तोंड केल्यापासून मनात जुळवत व्हते, ऐनवेळी फजिती नको म्हणून. रागवू नका, तुमीही माझं जुळवलं असणारच.

दुसरा ता. क. स्वप्नालीनं त्या रडण्याचा व्हिडिओ टाकला. मावसबहीण छबूबाईनं बघितला, दादालाच वळखलं आणि दुपारभर रडली, वर गल्लीला रडवलं. मग मी सांगितलं, दादा जिता हाय. आठवतं का, कावळा शिवला की सोयऱ्यांना मेल्याची खोटी बातमी धाडायची, ते रडले की संकट टळलं. हल्ली धाडावी तर लोक व्हिडिओ कॉल लावून खात्री करत्यात. पण आता रीत पुरी झाली. कावळा फिटला.

शेवटचा ता. क., कामाचा. तो व्हिडिओ दादाला दाखवा, आवाज मोठा ठेवून. अळणी भाजीपाशी आला की तो उठून चपला शोधंल, तळवड्याला येऊन मला शिव्या द्यायला. रिक्षा दारात उभी ठेवा आणि रिक्षावाल्याला आधीच सांगा, तोंडानं तळवडं म्हणायचं आणि न्यायचं दवाखान्यात. तिथंही नळीला न्हाई म्हणाला, तर सांगा की अंबूनं तुझं रडणं कासारवाडीला वापरून टाकलं, दुसरं अजून जुळलेलं न्हाई. तवर मरायची सोय न्हाई.