बंदीच्या पाण्याची राखण

३ मे
सरदार गेले. रीतीप्रमाणे शंभर रात्री प्रवाळाच्या कड्याच्या आतल्या पाण्यात मासेमारी बंद. देखरेखीला कोण? मी! गावकारभारी सोलोमोनेकाका म्हणाले, "अकोसिता, तुझा आवाज भोंग्यासारखा. तूच बस." म्हातारा चावटच आहे.

देखरेख म्हणजे काय, तर किनाऱ्यावर बसायचं आणि कुणी जाळं टाकलं की बोंब ठोकायची. बंदी मोडली तर सरदारांचा अपमान, शिवाय शंभराव्या रात्रीच्या गावपंगतीला मासे नाहीत, नुसत्या अळकुड्या!

२ जून
अगं बाई! गुडघाभर पाण्यात पोपटमासे — पायांना घासून जातात! आजी सांगायची तेव्हा थापा वाटायच्या. आज कासवही आलं. किती मोठं! बघतच राहिले, चहा गार झाला.

१९ जून
पहाटे बंदीच्या पाण्यात होडी. ओरडायला तोंड उघडलं — आणि मिटलं. इसिरेली! माझा सख्खा भाऊ! वयात आल्यापासून एकमेकांशी शब्द नाही बोललो. आमच्या बेटावर मोठे झालेले कुठलेच बहीणभाऊ बोलत नाहीत, रीतच आहे. हटकू कशी? वहिनी बाळंतपणाला शहरात, सुव्याला गेलीय, नाहीतर तिच्याकरवी चांगला खडसावला असता.

होडी किनाऱ्याच्या टोकामागे गेली, उन्हं वर आल्यावर परतली.

२० जून
परत तोच. चोर!

२४ जून
रोज जातोय. सांगितलं तर त्याला यंगोनाचं, आमच्या मानाच्या पेयाचं, मूळ पुढे ठेवून गावाची माफी मागावी लागणार, बाबांचं नाव जाणार. नाही सांगितलं तर मी कसली राखणदार?

आणि समोर मासे इतके, की पाणी उकळतंय असं वाटावं. जन्मात पाहिलं नव्हतं असं! माझ्याच माणसाने हे लुटावं?

२५ जून
सांगितलं. बैठकीत, सगळ्यांसमोर. इसिरेली मान खाली घालून बसला होता. बहिणीचं बोलणं चारचौघांत खोडायचं नाही, हीही रीतच. त्याची होडी ओढून ठेवली किनाऱ्यावर, वल्हं काकांनी घरात नेलं. "शाबास, पोरी!" म्हणाले. मला रडूच आलं.

२७ जून
पहाटे टोकामागून तीन परक्या होड्या आल्या, भलंमोठं जाळं घेऊन. मी घसा फोडून ओरडले. ते हसायला लागले! "बाई, आज तुमचा तो माणूस नाही वाटतं? रोज एकटा वल्हं उगारून अंगावर यायचा!"

देवा! इसिरेली!

धावत काकांकडे गेले, न विचारता वल्हं उचललं, आणि त्याच्या दारात जाऊन नुसती उभी राहिले. त्याने माझ्या हातातून ते घेतलं, आणि किनाऱ्याकडे पळत सुटला.