एकशे त्रेचाळीस सह्या आणि एक बिनतिखट

हमरिया फ्री झोन, शारजा
सोमवार, जेवणाची सुट्टी

आदरणीय यूनुस मामूंना भाचा फहदचा अदबीने सलाम.

तुमचा गुडघा आता जिने चढू देतो का, शहनाझ मामीची शुगर ताब्यात आहे का, आणि बाल्कनीतल्या टोमॅटोच्या झाडांना या वर्षी तरी टोमॅटो लागले का, ते कळवावं. मी ठीक आहे. ठीक म्हणजे जेवण जात नाही, बसलो की उठावंसं वाटतं आणि उठलो की कुठे निघालो होतो ते आठवत नाही, पण ताप वगैरे काही नाही. तुम्ही मला व्हॉट्सअ‍ॅपवर ब्लॉक केलंत याचा मला अजिबात राग नाही. (एका दिवसात चौतीस व्हॉइस नोट पाठवायला नको होत्या, मान्य. पण पस्तिसावी ऐकली असतीत तर हे पत्र वाचायची वेळ आली नसती.) जे सांगायचं ते कागदावर आणि पहिल्यापासून सांग, हे तुमचंच वाक्य, म्हणून स्टोअरमध्ये पाइपच्या खोक्यावर बसून लिहितोय. आमचा ड्रायव्हर वासुदेव उद्या मुसफ्फाला माल घेऊन येतोय, वाटेत खलिफा सिटीत तुमच्याकडे थांबून पत्र तुमच्या हातात देईल. त्याला चहा द्यावा.

पहिल्यापासून म्हणजे मी कॉलेज सोडलं तिथपासून. घरी सगळ्यांना वाटतं, फहदला अभ्यास झेपला नाही. मामू, अभ्यास कुणालाच झेपत नव्हता, म्हणून काय सगळ्यांनी कॉलेज सोडलं? मी सोडलं ते तत्त्वासाठी. इंटर-कॉलेजच्या सेमीफायनलला आमचे कोच फिरदोस सरांनी मला बाहेर बसवलं आणि माझ्या जागी कोण, तर तो सहा फूट तीन इंचाचा नवा बोलर. त्याला कॉलेजने फी माफ करून, होस्टेलची खोली देऊन, स्वागताचा बॅनर लावून आणलाय. बॅनरवर त्याचा फोटो प्रिन्सिपलपेक्षा मोठा. मुलगा वाईट नाही, हात मिळवला की आपला हात दिसत नाही, पण बॉल टाकतो तो स्लिपला. बॅट्समन मध्ये उभा आहे हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही. मी सरांना सगळ्यांसमोर म्हटलं, "सर, उंची बघून माणूस घ्यायचा तर बल्ब बदलायला घ्या." सर शांतपणे म्हणाले, "फहद, बस." मी बसलो नाही. आयकार्ड काढून पिचवर फेकलं, आणि या कॉलेजात पुन्हा पाऊल ठेवणार नाही असं जाहीर करून थेट बसस्टॉप गाठला. (आयकार्डावर बॉल पडून आमची एक विकेट गेली, असं नंतर कळलं. त्याबद्दल वाईट वाटतं.) दुसऱ्या दिवशी राग उतरला होता. पण मी एवढ्या मोठ्याने बोललो होतो की परत कसं जाणार?

तर कॉलेज सोडलं, पण टीम सुटली नाही. शनिवार आला की हमरियाहून दोन बस बदलून मॅचला जातो. गेटवर एमिरेट्स आयडी ठेवून व्हिजिटर पास घेतो. सिक्युरिटीवाला प्रत्येक वेळी म्हणतो, "हबीबी, तुम तो छोड के गया था ना?" मी म्हणतो, खिलाडी गया, फॅन आया. आणि फॅन म्हणून बाहेर बसलं की मामू, आतलं सगळं दिसायला लागतं. लेफ्टी ओपनर आहे, त्याला सातव्या नंबरवर पाठवतात. थर्ड मॅनला माणूसच ठेवत नाहीत, प्रत्येक मॅचला तीस-चाळीस रन तिथून जातात. स्पोर्ट्स डिपार्टमेंटचं तर विचारूच नका. प्रॅक्टिसच्या नेटला एवढं भोक आहे की त्यातून चहावाला ये-जा करतो, आणि त्या पैशात यांनी जांभळे टी-शर्ट आणले. टीमचं नाव दोन वर्षांत तीनदा बदललं, आता आम्हाला ओरडताना आधी आठवावं लागतं. आणि सगळ्यात कहर म्हणजे लाँग-ऑनची बाउंड्री कापून तिथे पॅडल कोर्ट, म्हणजे ते काचेच्या पिंजऱ्यातलं टेनिस, काढलं, तासावर भाड्याने द्यायला. आता त्या बाजूला सिक्सर मारली की बॉल कुणाच्या तरी पाठीत बसतो, म्हणून नियम केलाय, पॅडल कोर्टात गेला तर दोनच रन. संध्याकाळी पॅडलवाल्यांची गर्दी असते म्हणून मॅच दुपारी दोनला. दुपारी दोनला इथे मांजरसुद्धा गाडीखालून बाहेर येत नाही.

अशा उन्हात बाउंड्रीजवळ एका निळ्या छत्रीखाली बसून जी मुलगी न चुकता स्कोअर लिहिते, ती लायबा. (तुम्ही आता मामीकडे बघून हसू नका, पुढे वाचा.) लायबा फिरदोस सरांची मुलगी. तिची आई रुकय्या चाची आपल्याच गावची, म्हणजे फिरदोस सर गावचे जावई, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. तिच्याशी माझं आजवर बोलणं झालंय ते सगळं मिळून दोन ओव्हरमध्ये मावेल. पण एक गोष्ट सांगतो. मागच्या वर्षी माझ्या पॅडला लागून एक रन निघाला होता. अंपायरने स्पष्ट लेग-बाय दिला, अख्ख्या ग्राउंडने पाहिला. संध्याकाळी वही बघितली तर तो रन एक्स्ट्रात नाही, माझ्या नावावर. लायबाच्या वहीत दुसरी एक चूक कुणी दाखवून द्यावी. मामू, तुम्ही गावात तीस वर्षं अंपायरिंग केलंत, तुम्हीच सांगा, याला काय म्हणायचं?

आता मूळ मुद्दा. फेब्रुवारीत मी इंग्रजीत एक अर्ज टाइप केला. कोच बदला, रिक्रूटमेंट बदला, थर्ड मॅनला माणूस ठेवा, पॅडल कोर्ट हटवा, असे नऊ मुद्दे, खाली "टीमचे हितचिंतक", आणि मागे सह्यांसाठी रेघा मारलेले चार कागद. सह्या कुठे घेणार? आमची मॅच बघायला अकरा माणसं असतात, त्यातली दोन पॅडल कोर्ट शोधत आलेली. म्हटलं, आपल्या जमातीच्या वार्षिक गॅदरिंगला पाचशे माणूस येतो, क्रिकेट म्हटलं की सगळे जीव टाकतात, तिथे दहा-वीस तर मिळतील. अर्ज क्लिपबोर्डला लावून नेला. तर समोरून फिरदोस सरच येताना दिसले. माझी हिंमत तिथेच संपली. पहिलं पान मागे दुमडलं, क्लिपबोर्ड चहाच्या टेबलावर टाकला आणि मुलांच्या संगीत खुर्चीत जाऊन पळायला लागलो. (जिंकलो. समोर सहा वर्षांची पोरं होती.)

तासाभराने येऊन बघतो तर एकशे त्रेचाळीस सह्या. चारही कागद भरलेले, समासात पण नावं. आणि नुसती नावं नाहीत, प्रत्येकासमोर "मोठे ४, लहान २", "मोठे ६", असे आकडे. मला वाटलं लोकांनी आपल्या घरातले किती जण पाठीशी आहेत तेही लिहून दिलं. डोळ्यांत पाणी आलं मामू. पहिल्या पानावर तिसऱ्या मुद्द्यापुढे, म्हणजे थर्ड मॅनच्या, कुणीतरी पेनाने बरोबरची खूणसुद्धा केली होती. म्हटलं जमातीत एक तरी जाणकार आहे. तशीच फाइल घेऊन सोमवारी स्पोर्ट्स डायरेक्टर हेमचंद्र सरांच्या टेबलावर ठेवली. ते पुण्याचे, कागद आला की आधी फाइलला लावतात आणि मग वाचतात. त्यांनी विचारलं, हे मोठे-लहान काय आहे? मी छाती काढून सांगितलं, सर, प्रत्येक घरातले फॅन. त्यांनी कॅल्क्युलेटर काढला. साडेपाचशे झाले.

तुम्हाला एव्हाना समजलंच असेल. मला समजायला तीन आठवडे लागले. परवा सुमैय्या आपा लुलू सुपरमार्केटमध्ये भेटली, भाजीची ट्रॉली आडवी घालून म्हणाली, "चार मोठे लिहिले होते मी यादीत. हातात काय आलं? रायता." कोणती यादी, विचारलं. "तीच, चहाच्या टेबलावरची. दर वर्षी नाही का जेवणाचा क्लिपबोर्ड फिरत?" माझ्या हातातलं अंड्यांचं क्रेट गेलं. तीस होती.

म्हणजे मामू, त्या दिवशी बिर्याणीच्या देगा कमी पडल्या, साठ माणसं रायता आणि खबूसच्या रोटीवर घरी गेली, आणि तुम्हाला जेवण कमिटी सोडावी लागली. "यूनुसभाईंनी यादीच केली नाही," असं लोक आजही म्हणतात. यादी झाली होती. ती मी नेली. सातव्या नंबरला तुमचीही सही आहे, "मोठे २, वाढपी लवकर पाठवा." मला माफ करा. करायची नसेल तर निदान पुढचं वाचून मग ठरवा.

कारण आकड्यांच्या आनंदात मी तेव्हा नावं नीट वाचलीच नाहीत. अगदी पहिली सही कुणाची आहे? फिरदोस सरांची. "मोठे ३, एक बिनतिखट." हेमचंद्र सरांनी आज सकाळी मला फोन करून थँक्यू म्हटलं. म्हणाले, "कोचनेच पहिली सही केलीय, म्हणजे त्यांनाच थांबायचं नाही. मग आपण कोण अडवणार? गुरुवारी कमिटीत खलास करून टाकतो." मी जिंकलो मामू. असा जिंकलो की सकाळपासून तीन पार्सलं चुकीच्या ट्रकात चढवली. सरांचं कॉन्ट्रॅक्ट महिनाअखेर संपतंय. ते गेलं की व्हिसा गेला, आणि सगळ्यांचे व्हिसा त्यांच्यावर. लायबा रत्नागिरीला जाईल आणि मी इथे पाइप मोजत बसेन, आणि तिला पाठवणारा कोण, तर मीच. वर तिला हे कळलं तर, आणि कळणारच, कारण हेमचंद्र सर फाइल सगळ्यांना दाखवतात.

तर विनंती एवढीच. बुधवारी सुट्टी काढून तुम्ही शारजाला यावं आणि जमातीच्या वतीने हेमचंद्र सरांना सांगावं की हा अर्ज नसून बिर्याणी आहे. तुमची यादीही तुम्हाला परत मिळेल, गावात दाखवता येईल. फिरदोस सर कोच म्हणून कसे आहेत यावर माझी मतं तीच आहेत, पण त्यांनी राहावं आणि मला ती मतं दर शनिवारी मांडता यावीत. इन्शाल्ला तुम्ही याल. मामीला सलाम. सुट्टी संपली, फोर्कलिफ्टवाला हॉर्न मारतोय.

तुमचा नालायक, पण सख्खा भाचा
फहद

ता. क. शारजाला याल तेव्हा फिरदोस सरांची गाठ पडेलच. सप्टेंबरमध्ये मला कॉलेजात परत घेण्याबद्दल त्यांनी शब्द टाकला तर बरं होईल. सेमीफायनलला मला बसवलं त्याचा मी फार विचार केला. त्याआधीच्या सात इनिंग्जमध्ये माझे एकूण एकोणीस रन होते. लेग-बाय धरून.

ता. क. २. एकटे येऊ नका, मामीला आणा. कागदाचं काम दहा मिनिटांचं, पण रुकय्या चाचीकडे चहा होईलच. मामीने आपली मिठाई न्यावी आणि बोलता बोलता विचारून घ्यावं, की लायबासाठी कुठून लग्नाचा पैगाम आलाय का. माझं नाव एकदम काढू नये. हळूहळू काढावं, पण काढावं. (सुट्टी काढून या म्हटलं ते खरं यासाठी. हेमचंद्र सरांना फोनवरही सांगता आलं असतं.)

ता. क. ३. मंगळवार सकाळ. पाकीट चिकटवलं होतं, फाडून लिहितोय, वासुदेव गाडी चालू ठेवून शिव्या देतोय. रात्रभर तळमळण्यापेक्षा मी काल संध्याकाळी लायबाला सगळं खरं मेसेज करून टाकलं. आता तिचं उत्तर आलं. तिने लिहिलंय, अब्बांनी पहिलं पान उलटवून पूर्ण वाचलं होतं. तिसऱ्या मुद्द्याची खूण त्यांचीच. मोहम्मद बिन झायद सिटीतल्या एका शाळेत त्यांना एप्रिलपासून कोचची नोकरी मिळालीय, पण जुनी दोस्ती म्हणून कॉन्ट्रॅक्ट वाढवायला हेमचंद्र सरांना तोंडावर नाही म्हणता येत नव्हतं. हे बरं झालं म्हणाले, आणि सही केली. एकाने आकडा लिहिला की लोक जेवणाची यादी समजून सह्या करतील हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून पहिला आकडा त्यांनीच लिहिला. व्हिसाचं वगैरे सगळं ठरलंय. तेव्हा बुधवारी येऊ नका. हेमचंद्र सरांना तर चुकूनही फोन करू नका. यादी तुम्हाला आणखी काही दिवस मिळणार नाही, तेवढं सोसावं.

लेग-बायचंही विचारलं. म्हणाली, ती चूक नव्हती.

आता एकच. मोहम्मद बिन झायद सिटी तुमच्या खलिफा सिटीपासून गाडीने किती, पंधरा मिनिटं? तुमच्याकडची ती मागची खोली, जिच्यात मामीने जुना फ्रीज ठेवलाय, ती रिकामी होईल का? फ्रीज राहिला तरी चालेल. मुसफ्फाच्या आमच्या गोडाऊनला बदली मागितलीय, होतेय. आणि जाता-येता त्या शाळेवरून गेलात तर जरा चौकशी करून ठेवा, अंडर-फोर्टीनला ओपनिंग कोण करतो. मी अजून टीम पाहिलेली नाही, पण सिलेक्शन चुकलेलंच असणार.