क्लेचा डाग आणि ऊन

आई,

त्या दिवशी तू का हसलीस? कितीदा विचार करून पाहिला. जॉर्ज टाउनच्या गल्ल्यांतून घासाघीस करून आणलेलं पिवळं कापड, त्याला जरीचा काठ, शिवून आलेला परकर मी पहिल्यांदाच अंगावर चढवलेला, आणि बरोबर बसायच्या जागी हिरव्या क्लेचा हा एवढा थर. कपबशी फुटली तरी तू धपाटा द्यायचीस. दूध उतू गेलं तर मी घरात नसतानाही माझ्याच नावाने ओरडायचीस. मग त्या दिवशीच काय झालं होतं तुला?

ती क्ले शेजारच्या मामींच्या नातवाच्या वाढदिवसाला रिटर्न गिफ्ट म्हणून मिळाली होती. मद्रासजवळच्या आवडी नावाच्या गावातल्या त्या क्वार्टर्समध्ये आपलं एकच मराठी बिऱ्हाड असलेला तो ब्लॉक, आणि नवरात्रात मामींच्या घरी पायऱ्यापायऱ्यांवर मांडलेला बाहुल्यांचा गोलू. त्या बाहुल्यांत आपलीही एक असावी असं माझ्या मनाने घेतलं. म्हणून मी सकाळपासून चटईवर बसून एक हत्ती केला. सोंड सारखी गळून पडत होती, ती काडी घालून बसवली. मग तू हाक मारलीस, परकर घालून बघ म्हणालीस, मी घातला, गिरकी घेतली आणि आनंदाने त्या हत्तीवरच बसले.

तुझ्या लेखी ती माती होती. गावाकडे चिखल लागला की ओला असताना हात लावायचा नाही, पुरता वाळू द्यायचा आणि मग झटकायचा, हे तू लहानपणापासून करत आलेली. "घासू नकोस, अजून पसरेल," म्हणालीस. "उन्हात घालू. वाळली की खडखडून पडेल." आणि परकर घेऊन गच्चीवर गेलीस. मद्रासचं ऊन, नवरात्र आलं तरी वैशाखासारखं. आपण खाली येऊन भात लावला, जेवलो, आणि मग वर गेलो.

तू तारेपाशी उभी आहेस. क्ले वाळलेली नाही, उलट लोण्यासारखी पाघळली आहे. हिरवा ओघळ काठापर्यंत उतरलाय, भोवती तेलाचं कडं पसरलंय. तू बोट लावून पाहतेस, बोट हिरवं होतं, तू ते उन्हात धरतेस आणि अचानक कठड्याला टेकून हसायला लागतेस. पदर तोंडावर धरलेला, डोळ्यांतून पाणी. मी भेदरलेली. तेवढ्यात मिरच्या उलटायला मामी वर येतात.

"अय्यो! उन्हात? क्लेला कुणी उन्हात घालतं का?"

"माती आहे ना मामी," तू तुझ्या मोडक्या तमिळमध्ये म्हणालीस. "आमच्याकडची माती वाळते."

"ही तेलाची आहे, तेलाची. इकडे दे. आमच्या फ्रिजमध्ये ठेवू."

आपल्याकडे तेव्हा फ्रिज नव्हता. माझा परकर मामींच्या फ्रीजरमध्ये गेला, इडलीच्या पिठाच्या वरच्या खणात, मोगऱ्याच्या पुडीला खेटून. कडक झाल्यावर बाहेर काढून तू उलथण्याच्या बोथट कडेने ती क्ले उचलायला लागलीस आणि ती खरोखर कपच्याकपच्यांनी निघाली. राहिला तेलाचा डाग. मामी म्हणाल्या, अंगाला लावायची पावडर टाक. तू म्हणालीस, तांदळाचं पीठ. कुणीच ऐकेना, तेव्हा अर्ध्या डागावर त्यांची पावडर पडली आणि अर्ध्यावर त्यांच्याच घरचं कोलमचं, दारातल्या रांगोळीचं तांदळाचं पीठ. कुठला अर्धा जास्त उजळला यावर तुम्ही पुढे किती तरी दिवस भांडलात. मग भांड्यांचा साबण उलट्या बाजूने, हलक्या बोटाने, गार पाण्यात. आणि या खेपेला सावलीत वाळवणं. सगळं झाल्यावरही एक फिकी हिरवी छाया उरली. मी रडवेली झाले. संध्याकाळी गोलूला गेल्यावर मामी प्रत्येक मुलीला गाणं म्हणायला लावत, उभं राहून. तू माझ्या केसांत गजरा माळत म्हणालीस, "तू बसूनच म्हण. बसल्यावर कुणाला दिसतंय?" मी भोंडल्याचं गाणं मांडी घालून म्हटलं. कुणाला एक अक्षर कळलं नाही, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तू ओरडलीस ती नंतर. खाली अंगणात पोरं पाण्याचा पाइप सोडून चिखलाची धरणं बांधत होती आणि मी पायरीवर फ्रॉक गुडघ्यांखाली ओढून बसले होते. "तू का नाही जात?" "कपडे खराब होतील." एवढंच म्हणाले मी, आणि तुझा आवाज चढला. "कपडे काय, नुसती बसून राहिलीस तरी मळतील. धुणं मलाच आहे आणि उद्या तुलाही चुकणार नाही. मग निदान काहीतरी करून तरी मळव!" सगळ्या ब्लॉकने ऐकलं. मी उठून चिखलात गेले. तेव्हा लाज वाटली होती. आज ते वाक्य मी माझ्या शिक्षणशास्त्राच्या कितीतरी पुस्तकांच्या वर ठेवीन.

तू गेलीस तेव्हा मी शाळेतच होते. आताही शाळेतच आहे, फक्त फळ्याच्या दुसऱ्या बाजूला. पदवी झाली, मग शिक्षिकेचा कोर्स झाला, आणि आता तांबरमच्या एका शाळेत एलकेजीला शिकवते. सकाळी आवडीहून सेंट्रल, तिथून रस्ता ओलांडून पार्क स्टेशन आणि पुढची गाडी. बाबांना हे पटलेलं नाही असं ते दाखवतात. "घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट," म्हणतात, "आणि जाते कुठे, तर एवढ्या लांब गोळे वळायला. तुझ्या आईचे लाडूसुद्धा कधी गोल झाले नाहीत, तू काय वळणार?" पण माझा डबा तेच भरतात.

गोळे वळायला, हे मात्र खरं. मी वर्गात क्लेचा तास सुरू केला. मुलांना पेन्सिल धरवत नाही, बोटांत जोर नसतो, आणि जोर यायचा तर आधी काहीतरी दाबायला, ओढायला, चिमटायला हवं. एक मुलगी आहे, तिच्या हातातून पेन्सिल सारखी निसटते. आमच्या एचएम, म्हणजे मुख्याध्यापिका मॅडम, तिला याच वर्गात पुन्हा बसवायचं म्हणत होत्या. ती क्लेच्या तासाला पहिल्यांदा माझ्याकडे न बघता कामाला लागली. गोगलगाई करते. सगळ्या गोगलगाईच. मला वाटलं, जमतंय. आणि तेव्हाच कपड्यांच्या तक्रारी सुरू झाल्या.

सगळ्यांत जास्त रागावली ती याच मुलीची आई. एका दवाखान्यात रिसेप्शनवर बसते, सकाळची ड्यूटी असते. फाटकापाशी तिने युनिफॉर्मचा फिका शर्ट माझ्यासमोर उलगडून धरला. निळा डाग, खिशाखाली. "मिस्, आम्ही पोरीला शिकायला पाठवतो. आता हा तुम्हीच धुवून द्या." दुसऱ्या दिवशी मॅडमनी बोलावलं. "क्ले बंद कर. चित्रं रंगवून घे, त्यात कुणाचे कपडे जात नाहीत." मी म्हटलं, मला एक शनिवार द्या. पालक डागांचे कपडे घेऊन येऊ देत, आपण ते काढून दाखवू. मॅडमनी विचारलं, "आणि नाही निघाले तर?" मी म्हटलं, "तर बंद."

आई, शनिवारी शाळेच्या व्हरांड्यात जे झालं ते तू बघायला हवं होतंस. ज्यूसच्या दुकानातून बर्फ आणला होता, बादल्या मांडल्या होत्या, चमचे, तांदळाचं पीठ, भांड्यांचा साबण. मला वाटलं दोघंतिघं येतील, तर व्हरांडा भरला. एक आजोबा बर्फाकडे बघत म्हणाले, "दुकान ज्यूसचं, मग ज्यूस कुठाय, मिस्?" एक बाप गळ्यात कंपनीचं ओळखपत्र घालून, कानात इअरफोन, मीटिंग ऐकता ऐकता मुलाची चड्डी चमच्याने खरवडत होता. त्या बापाची आई शेजारी बसून बघत होती. "घरी स्वतःचं ताट उचलत नाही," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "कॅमेरा चालू कर रे, ऑफिसला पण कळू दे." एकेक करत डाग निघत गेले. पिशवीत बर्फ घालून डागावर धरायचा, क्ले कडक झाली की उचलायची, पीठ लावून तेल ओढू द्यायचं, मग साबण आणि गार पाणी. मॅडम दारात उभ्या राहून बघत होत्या. मी अगदी तरंगत होते.

शेवटी गोगलगाईवाल्या मुलीची आई तो शर्ट घेऊन आली, मुलगी तिच्या पदराला धरून. मी डागाला हात लावला आणि कळलं. कापड तिथे कडक झालं होतं. विचारलं तर म्हणाली, उकळत्या पाण्यात भिजवला होता, आणि मग कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे दिला होता. म्हणजे गच्चीवरच्या उन्हापेक्षाही वाईट. तरी मी सगळं करून पाहिलं. दोनदा. निळा डाग जिथल्या तिथे.

"नाही निघत," मी म्हटलं.

"नाही म्हणजे?"

"उष्णता लागली की तो धाग्यात बसतो. आता नाही निघणार. तुमचं चुकलं असं नाही, मीच आधी सांगायला हवं होतं की गरम पाणी नको."

मला तुझ्यासारखं हसता आलं नाही. ती शर्ट उलटसुलट करून बघत राहिली. मला वाटलं, आता मॅडमकडे जाणार. मग ती म्हणाली, "एक विचारू, मिस्? हल्ली ही शर्टाची बटणं आपली आपण लावते. आत्ताआत्तापर्यंत मी लावत होते. रोज सकाळी रडारड, मला ड्यूटीची घाई, हिचं वरचं बटण काही जायचं नाही. तुम्ही वर्गात बटणं शिकवता का?"

मी म्हटलं, "नाही. गोगलगाई करते ती." आणि गोगलगाईची शिंगं कशी काढतात ते हवेत करून दाखवलं, अंगठा आणि दोन बोटं. तिने स्वतःची बोटं तशीच धरून पाहिली. मग शर्ट घडी करून पिशवीत ठेवला आणि मुलीला म्हणाली, "चल गं. सोमवारी हाच घाल."

मी जिंकले असं वाटून मॅडमकडे गेले. त्याही खूश होत्या. "छान झालं. आता पालकांच्या ग्रुपवर टाक की क्लेचे सगळे डाग निघतात, काळजी नको. मग तास चालू ठेव."

"पण मॅडम, एक निघाला नाही."

"एकच ना? हे बघ, तू लहान आहेस. पालकांना बारकावे नको असतात, धीर हवा असतो. काही डाग जात नाहीत असं वाचलं की दहा जण उद्याच्या उद्या माझ्या दारात उभे राहतील. तसंच लिहायचं असेल तर क्ले बंद झालेली बरी. आणि तू अजून कायम झालेली नाहीस, तेही लक्षात ठेव."

त्या वाईट नाहीत, आई. शाळा चालवणं काय असतं ते मला माहीत नाही. गाडीत मी ते वाक्य मनात लिहून पाहिलं. चार शब्दांचं वाक्य, आणि तास वाचत होता, माझी नोकरी वाचत होती. पण ग्रुपवर ती आईही आहे. तिच्या पिशवीत तो शर्ट आहे. तिने ते वाचलं, की माझ्या पुढच्या कुठल्या वाक्यावर ती विश्वास ठेवणार? आणि तिची मुलगी वर्षभर माझ्यासमोर तोच शर्ट घालून बसणार.

आज रविवार. दुपारी बाबांना विचारलं. ते म्हणाले, "लिहून टाक की सगळे निघतात. कोण भिंग घेऊन येतंय?" मग चहाचा घोट घेऊन थोड्या वेळाने म्हणाले, "मला कशाला विचारतेस? तुला पटलं असतं तर विचारलंच नसतंस."

मग मी लिहिलं. माझं तमिळ बोलण्याइतकं लिहिण्यात चांगलं नाही, म्हणून सोपीच वाक्यं लिहिली. मुलांच्या कपड्यांना क्ले लागणार. लगेच बर्फ लावून उचलली आणि गार पाण्याने धुतली तर बहुतेक वेळा निघेल. डाग जाईपर्यंत गरम पाणी, ऊन आणि इस्त्री नको. तरीही काही डाग जाणार नाहीत. मुलांच्या बोटांना या तासाची गरज आहे, म्हणून तो बंद होऊ नये असं मला वाटतं. क्लेच्या दिवशी वरून घालायला घरचा जुना शर्ट पाठवलात तर बरं होईल. ग्रुपमध्ये मॅडमही आहेत, हे माहीत असूनच लिहिलं.

हे पत्र मी कुठे टाकणार? वहीतली पानं आहेत, वहीतच राहतील. पण एक कबूल करते. मी लिहायला बसले ती तुझी आठवण आली म्हणून नव्हे. फोन स्वयंपाकघरात ओट्यावर पालथा ठेवलाय, मघापासून थोड्याथोड्या वेळाने वाजतोय, आणि तो सरळ करून बघायचं धाडस होत नाही, म्हणून तुझ्याशी बोलत बसले. बाबा आतून ओरडले, "अगं, बघ तरी, कुणी शिव्या देतंय की आशीर्वाद!" बघेन. पण तिथे काहीही आलेलं असलं तरी निरोप गेला आहे, आणि उद्याचा पहिला तास मी बदललेला नाही. क्ले घरी आणली होती. बाहेर उजेड होता तोवर अंगणाच्या पायरीवर बसून सगळे रंग हाताने मळून मऊ केले आणि वेगवेगळे डब्यात भरून ठेवले.