कडत्याचा नवा रकाना

१४ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार. संध्याकाळचे सहा चाळीस. सास्तूरच्या थांब्यावर एस.टी.ची वाट पाहत लिहितो आहे.

मी कारकुनी करतो त्या आडतीवर नवीन सॉफ्टवेअर येऊन महिना झाला. वजनकाटा, गोदाम, विक्री, हिशेब सगळे एकमेकांना जोडलेले. पूर्वी आमचे मालक अण्णा ओल-मातीची घट म्हणून क्विंटलमागे दोन किलो कडता कापत आणि वहीत कापलेलेच वजन लिहीत. आता काटा खरे वजन पाठवतो. पावतीवर कमी लिहिले की गोदामात माल जास्त दिसतो. आज सकाळी मीच ते अण्णांना दाखवले. वाटले, कडता बंद होईल. इतका भाबडा कसा मी?

अण्णांनी सॉफ्टवेअर कंपनीच्या माणसाला फोन केला. दुपारपर्यंत पडद्यावर नवा रकाना आला: ओलावा घट, दोन टक्के. ती आपोआप कापली जाते. खाली बारीक अक्षरात नोंद करणाऱ्याचे नाव. माझे.

पहिलीच पावती माकणीच्या तात्यांची निघाली. माझे सख्खे चुलते. सोयाबीन खडखडीत वाळलेले.

"ह्यात ओल कुठं हाय?" तात्यांनी विचारले.

अण्णा हसले. "मशीन सांगतंय तात्या, आमी न्हाय."

तात्यांनी माझ्याकडे पाहिले. मी पडद्याकडे पाहत राहिलो. एक शब्द बोलता आला असता. पावतीवर माझे नाव होते, अण्णांचे नव्हते.

"तू हायस म्हणून इथं आणलं," एवढे बोलून तात्या गेले.

आजचा खर्च: चहा दहा रुपये, एस.टी. वीस.
देणे: तात्यांचे, अकरा क्विंटलमागे बावीस किलो सोयाबीन.